सरकारकडे आरोग्याचा हिशेब मागणारे गोखले

प्लेगच्या इतिहासात चिंचवडचे नाव नोंदले गेले ते चापेकर बंधूंमुळे. पवनाकाठच्या या गावातील एका कीर्तनकाराच्या मुलांनी २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला मरण पावले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ व त्यांचे साथीदार महादेव रानडे १८९८ आणि १८९९ मध्ये फासावर गेले. चिंचवडगावातील चापेकर चौक त्यांची आठवण जागती ठेवतो. मात्र त्याच प्लेगने आणखी एका माणसाचे आयुष्य कायमचे बदलून टाकले, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. रँड यांच्यावर गोळी झाडली गेली त्या रात्री हा माणूस हजारो मैलांवर लंडनमध्ये होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेल्याने थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून तुटपुंज्या पगाराची नोकरी धरली आणि त्यातून धाकट्याला कोल्हापूर, पुणे व मुंबईला शिकवले. १८८४ मध्ये पदवी घेऊन गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. गणित हा त्यांचा एक विषय होता आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वर्षानुवर्षे चालले. आकड्यांशी असलेली ही मैत्री पुढे सरकारला महाग पडणार होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सरकारी अहवाल कसे वाचायचे, याची शिस्त त्यांना लागली.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि प्रशासनाला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात घरझडतीसाठी लष्कर उतरले. घरातील माणसांना बाहेर काढणे, संशयितांना रुग्णालयात व त्यांच्या आप्तांना विलगीकरण छावणीत नेणे, सामान जाळणे, देवघरापर्यंत शिरणे, असे सारे सुरू झाले. रोगाला अटकाव करायला हवा होता, यात शंका नाही. पण ज्याच्या घरात शिरायचे त्याला विश्वासात घ्यायचे असते, ही साधी गोष्ट त्या कारभाराला समजली नाही. याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय काढले, तर पंडिता रमाबाईंनी सरकारी रुग्णालयाच्या व्यवस्थेविषयी जाहीर तक्रार केली.

गोखले हे सारे पाहायला पुण्यात नव्हते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते मार्चमध्ये इंग्लंडला निघाले होते. वाटेत कॅले येथे अपघातात त्यांच्या छातीला मार बसला आणि तो त्यांना पुढे त्रास देत राहिला. एप्रिलमध्ये झालेल्या साक्षीत त्यांनी आयोगाच्या सभासदांना आकड्यांनिशी उत्तरे दिली. हिंदुस्थानचा पैसा कुठे खर्च होतो हे ठरवण्यात हिंदी माणसाला काहीच आवाज नाही, कायदेमंडळात अंदाजपत्रकावर मतदानसुद्धा होत नाही, हा त्यांच्या साक्षीचा गाभा होता. या कामगिरीने त्यांचे नाव झाले. आणि लगेच ते पणालाही लागले.

पुण्यातील मित्रांची पत्रे येत होती. त्यांत सोल्जरांच्या वर्तनाची वर्णने होती आणि दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे, त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचेही लिहिले होते. रँड यांच्यावरील हल्ल्याच्या बातमीने इंग्लिश वृत्तपत्रे खवळलेली असताना गोखल्यांनी हा आरोप मँचेस्टर गार्डियनमधून जाहीर केला. सर विल्यम वेडरबर्न यांच्या मध्यस्थीने ते ब्रिटिश पार्लमेंटच्या काही सभासदांशीही बोलले. कॉमन्स सभेत प्रश्न उपस्थित झाले. भारतमंत्र्यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ फेटाळला. आता पुरावा देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आली.

जुलैअखेर गोखल्यांची बोट मुंबईला लागली तेव्हा पोलिस आयुक्त त्यांना बोटीवरच भेटले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली नुकतीच अटक झाली होती. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणी पुढे येईना, आणि त्यांची नावे उघड करून त्यांना संकटात लोटणे गोखल्यांना मान्य नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि गव्हर्नर, प्लेग समिती व सैनिक या सर्वांची माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसपर्यंत ही नाराजी पोचली होती. सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे हे सचोटीचे काम होते, परंतु सैनिकांच्या वर्तनाची भलामण करण्याची गरज नव्हती. झडत्यांनी लोकांचा जो अपमान झाला होता तो काही पत्रांतून निर्माण झालेला नव्हता. माफीचा तो भाग पुणेकरांना झोंबला, आणि ते समजण्यासारखे आहे.

साथ पुन्हा उलटली तेव्हा गोखले स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात उतरले. त्यांच्या मनावर या प्रसंगाचा जो ओरखडा उठला तो त्यांच्या पुढच्या कामात दिसतो. ऐकीव माहितीवर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले आणि १९०२ पासून मृत्यूपर्यंत व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळात होते. या सोळा वर्षांत त्यांनी मांडलेला जवळजवळ प्रत्येक आकडा सरकारच्याच अहवालातून घेतलेला होता.

त्या काळच्या कायदेमंडळाची रीत आज चमत्कारिक वाटेल. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती. पण उत्तरावर पूरक प्रश्न विचारता येत नसे, चर्चा करता येत नसे आणि एक पैसाही कमी-जास्त करून घेता येत नसे. अर्थसभासद जमाखर्च सादर करीत, काही दिवसांनी बाकीचे सभासद आपली भाषणे करीत, आणि अंदाजपत्रक होते तसे लागू होई. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले असे. अशा सभागृहात शब्दांना वजन आणायचे तर माहिती बिनतोड हवी, हे गोखल्यांनी ओळखले.

२६ मार्च १९०२ चे त्यांचे पहिले अंदाजपत्रकीय भाषण याच तयारीचे फळ होते. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षक आणि सरकारी आकडेवारीचे निष्णात अभ्यासक. त्यांनी या भाषणाची सामग्री पुरवली होती आणि त्याचे श्रेय गोखले मोकळेपणाने त्यांनाच देत. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश गांजलेला असताना सरकारच्या तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक उरत होती. अर्थखाते तिला भरभराटीची खूण मानत होते. गोखल्यांनी हा युक्तिवादच उलटा फिरवला. ही शिल्लक गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याने उरते, लोकांच्या सुबत्तेमुळे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पुराव्यादाखल त्यांनी वाढता मृत्युदर आणि मिठाचा खप यांची आकडेवारी पुढे ठेवली. माणसे जास्त मरतात आणि मीठ कमी खातात, तर भरभराट कोणाची, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहत होता. व्हाइसरॉय कर्झन अध्यक्षस्थानी होते. कायदेमंडळात असे भाषण पूर्वी झालेले नव्हते.

मिठाचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला. मीठ हे गरिबाच्या अन्नाचा आणि गुरांच्या चाऱ्याचाही भाग, म्हणून त्यावरचा कर हा थेट शरीरावरचा कर आहे, अशी त्यांची भूमिका होती. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. सगळे श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही. मात्र दर मार्च महिन्यात कलकत्त्याच्या सभागृहात उभे राहून खपाचे आकडे वाचणारा माणूस नसता, तर अर्थखात्याला इतकी घाई झाली असती असे वाटत नाही.

दुसरा प्रश्न पाणी आणि गटारांचा होता. प्लेग, पटकी व हिवतापाशी झुंजण्याचा बोजा नगरपालिका आणि लोकल बोर्डांवर टाकलेला होता. त्यांच्याजवळ पैसा नव्हता. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेल्या गोखल्यांना ही ओढगस्त आतून ठाऊक होती. शिल्लक रक्कम रेल्वेवर किंवा कर्जफेडीवर घालण्याऐवजी गावोगावच्या पाणीपुरवठ्याला आणि गटारांना द्या, ही त्यांची मागणी होती. लष्करावरचा खर्च वाढत असताना आरोग्यासाठी पैसा नाही, हे उत्तर त्यांना पटत नसे. १९०७ या एका वर्षात देशभर प्लेगने सुमारे १३ लाख माणसे दगावली. १९०८ मध्ये केंद्र सरकारने प्रांतांना आरोग्यसुधारणेसाठी दरसाल ३० लाख रुपये देण्याचे ठरवले. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने रक्कम अल्प होती, पण आरोग्य ही आपलीही जबाबदारी आहे याची ती कबुली होती.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर सभासदांना ठराव मांडता येऊ लागले आणि मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाचा हक्क मिळाला. गोखल्यांनी या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी नाताळला जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. जानेवारी १९११ मध्ये सरकारी खर्चाच्या वाढीची चौकशी मागितली. मार्च १९१२ मध्ये स्थानिक संस्थांचे उत्पन्न त्यांच्या कामांना पुरते का, हे तपासण्याची मागणी केली. याच काळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षणाच्या या पराभवाची चर्चा खूप होते. नगरपालिकांच्या रिकाम्या तिजोरीविषयीचा ठराव मात्र विस्मृतीत गेला आहे. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली ती १९७० मध्ये. तोपर्यंत कारखाने येऊन वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि पाणी, सांडपाणी व दवाखाने यांचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न तिच्यापुढेही होताच.

गोखले केवळ प्रश्न विचारून थांबले नाहीत. १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजातून त्यांनी पूर्णवेळ कार्यकर्ते घडवले. त्यांतील गोपाळ कृष्ण देवधर यांनी रमाबाई रानडे यांच्यासह पुणे सेवासदन उभारले. या संस्थेने मराठी घरांतील स्त्रियांना, त्यांत अनेक विधवा होत्या, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. अनोळखी रुग्णाची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे समजणाऱ्या त्या समाजात ही गोष्ट सोपी नव्हती. १८९७ मध्ये पुण्याच्या घरांना आत येणारी माणसे परकी वाटली होती. त्यावर दहा-बारा वर्षांनी सापडलेला हा एक उपाय होता.

स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र त्यांनी लक्ष दिले नाही. मधुमेह बळावला होता, हृदय दुबळे झाले होते. तरीही १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींबरोबर हिंडले, आणि सरकारी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगाच्या कामासाठी त्यांच्या इंग्लंडच्या फेऱ्या चालूच होत्या. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. आयुष्यभर मतभेद राहिलेले टिळक सिंहगडावरून उतरून अंत्ययात्रेला आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी आदराने बोलले.

शेवटच्या दिवसांत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून गोखल्यांनी राज्यकारभाराच्या सुधारणांचा एक मसुदा लिहून काढला होता. प्रांतांना आपल्या पैशाचा कारभार करू द्यावा, असे त्यात होते. १९१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९१९ च्या कायद्याने वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती प्रांतांतील मंत्र्यांकडे सोपवली, आणि १९२१ पासून मुंबईच्या कायदेमंडळात या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मताला टाकल्या जाऊ लागल्या.