कार्ल टेरझागी : भूविज्ञान आणि स्थापत्य
१८८३ साली प्रागमध्ये जन्मलेल्या कार्ल टेरझागी यांनी ग्रात्स येथे शिक्षण घेतले ते यंत्र अभियांत्रिकीचे. ओढ मात्र भूविज्ञानाची. लष्करी सेवेत असताना त्यांनी गीकी यांचे क्षेत्रीय भूविज्ञानावरील इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणले. १९१२ मध्ये ते अमेरिकेतील धरणांच्या जागा पाहावयास गेले आणि निराश होऊन परतले. खडकामातीची नावे कळली, तरी पाया किती खचेल हे त्यांवरून सांगता येईना. पुढे इस्तंबूलमध्ये अध्यापन करीत असता, सिगारच्या खोक्यांसारख्या क्षुल्लक वस्तूंतून जुळविलेल्या उपकरणांत त्यांनी चिकणमाती दाबून पाहिली. १९२५ साली मृदायांत्रिकीचा ग्रंथ सिद्ध झाला. पण अभियंते आता केवळ गणितात रमू लागले, हे त्यांस रुचेना. म्हणून हार्वर्डमध्ये ते स्थापत्याच्या विद्यार्थ्यांस अभियांत्रिकी भूविज्ञान शिकवीत राहिले. १९६३ मध्ये ते निवर्तले.