गतीतून वीज : मायकेल फॅरडे



गतवर्षीच्या आषाढातील गोष्ट. माझे मामा रात्रीच्या वेळी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे येत होते. मोटार जुनी, डिझेलवर चालणारी. पाऊस मुसळधार आणि घाटात धुके इतके दाट की गाडी पावलापावलाने उतरवावी लागत होती. पुढचे दिवे लागलेले, धुक्यासाठी मागाहून बसवून घेतलेले दोन जादा दिवेही लागलेले, वायपर सारखे फिरत होते आणि काचेवर बाष्प धरू नये म्हणून पंखाही चालू होता. अर्धा घाट उतरतो न उतरतो तोच समोरचा उजेड तांबूस होऊ लागला आणि वायपर अडखळू लागले. इंजिन मात्र धडधडत होते. कारण जुन्या डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच त्यातील तेल पेट घेते. गाडी चालते आहे, पण वाट दिसत नाही, अशा अवस्थेत मामा कसेबसे केरीस पोचले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने दोष शोधून काढला. इंजिनावरच्या फॅनबेल्टने फिरून वीज निर्माण करणारे जे यंत्र असते, त्यास अल्टरनेटर म्हणतात. या गाडीतला अल्टरनेटर ३५ अँपिअरचा होता, आणि तेही तो वेगाने फिरत असतानाच. इंजिन मंद चालले की त्याच्या निम्मी वीजही मिळेना. उणीव बॅटरी भरून काढीत होती आणि बॅटरी रिकामी होत चालली होती. तेव्हा जुना अल्टरनेटर काढून ७० अँपिअरचा बसवावा असे ठरले. काढलेले यंत्र मेस्त्रीने माझ्यासमोर उघडले. आत पाहतो तो काय, कडेने तांब्याच्या तारेची वेटोळी आणि मधोमध फिरणारा एक विद्युत्-चुंबक! मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्रात मला फारशी गती नाही. तथापि ती वेटोळी पाहताच, शाळेचे फारसे तोंडही न पाहिलेल्या एका थोर पुरुषाचे मला स्मरण झाले. त्याचेच चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडननजीक न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे, त्यामुळे काम नियमित होत नसे आणि घरात दारिद्र्य पाचवीला पुजलेले होते. १८०१ साली धान्य अतिशय महाग झाले असता लहानग्या मायकेलच्या वाट्यास आठवड्याला एक पाव येई, असे सांगतात. लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढ्यावरच त्याचे शालेय शिक्षण संपले. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचविण्याच्या कामास लागला आणि पुढील वर्षी, १८०५ साली, त्याच दुकानात सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणी शिकू लागला.

येथेच त्याचे भाग्य उघडले. बांधावयास आलेली पुस्तके इतर मुले शिवून बाजूला ठेवीत. मायकेल ती वाचीत असे. ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीने लिहिलेले रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्याला वेड लावले. वाचलेले खरे की खोटे हे पाहण्यासाठी तो पदरच्या चार पैशांतून साहित्य आणून प्रयोग करी. शहरात शास्त्रीय व्याख्याने होत. एका व्याख्यानास एक शिलिंग पडे. ती त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे. हा भाऊही लोहारकामच करी. विद्वानांच्या नामावळीत रॉबर्टचे नाव आढळणार नाही. पण त्या शिलिंगांचे मोल कोणी करावे?

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्रे डेव्ही याच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हा त्या काळचा अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. फॅरडेने व्याख्यानांची टिपणे घेतली, ती सुवाच्य अक्षरांत उतरली, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने बांधून सुमारे ३०० पानांचा तो ग्रंथ डेव्हीकडे पाठविला. सोबत नोकरीची विनंती होती. जागा रिकामी नव्हती. पण काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील साहाय्यकास मारामारीच्या कारणावरून काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची तेथे नेमणूक झाली. वेतन आठवड्यास २५ शिलिंग, शिवाय वरच्या मजल्यावर राहण्यास दोन खोल्या. त्याच वर्षी डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. दीड वर्षाच्या या प्रवासात त्याला अँपिअर आणि व्होल्टा यांचे दर्शन घडले. पण डेव्हीची पत्नी त्याला गड्यासारखे वागवी. मनातून तो कष्टी झाला, परंतु शिकण्याची संधी त्याने सोडली नाही.

पुढे त्याच्या शीलाची खरी कसोटी लागली. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते, हे १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखविले होते. १८२१ च्या सप्टेंबरात फॅरडेने पाऱ्यात टोक बुडालेली एक तार विजेच्या योगाने चुंबकाभोवती फिरती केली. विजेच्या मोटरीचा हा पहिला अवतार होय. परंतु उत्साहाच्या भरात त्याने आपला निबंध घाईने प्रसिद्ध केला. याच विषयावर वोलस्टन आणि डेव्ही यांनी आधी काही खटपट केली होती, तिचा उल्लेख त्यात राहून गेला. झाले! दुसऱ्याची कल्पना चोरली असा प्रवाद उठला. १८२३ साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅरडेचे नाव पुढे आले तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच त्याला विरोध केला. तरीही फॅरडे निवडून आला. विरुद्ध पडलेले मत एकच होते. ज्याने हात धरून वर आणले, त्यानेच पाय मागे ओढावा, हे दुःख लहान नव्हे. परंतु फॅरडेने डेव्हीविषयी कधी कटू शब्द काढला नाही. जन्मभर तो त्याचे ऋण मानीत राहिला. घाईचा धडा मात्र तो विसरला नाही.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्याच्या दोन्ही बाजूंना तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडले. दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली. बॅटरी जोडताक्षणी सूची हलली आणि स्थिर झाली. बॅटरी तोडली, तशी ती उलट दिशेने हलली. मधल्या वेळात प्रवाह अखंड वाहत होता, तरी सूची निश्चल! मर्म येथेच होते. चुंबकत्व नुसते असून भागत नाही. ते बदलत असले पाहिजे. १७ ऑक्टोबर रोजी त्याने वेटोळ्यात लोहचुंबकाची कांडी आत-बाहेर केली. कांडी हलत असेतोवर वीज, थांबली की काही नाही. २८ ऑक्टोबर रोजी मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने अखंड प्रवाह मिळविला. जगातील पहिले विद्युत् जनित्र ते हेच. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी याने हाताने फिरवावयाचे जनित्र तयार केले आणि या शोधाला यंत्राचे रूप येऊ लागले.

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. म्हणून त्याने चित्राच्या रूपाने विचार केला. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की ज्या रेषा उमटतात, त्या रेषांनी अवकाश भरलेला आहे आणि तार त्या रेषा छेदू लागली की तिच्यात वीज उपजते, असे त्याने मांडले. कित्येक पंडितांना हा विचार भाबडा वाटला. पुढे मॅक्सवेलने तो गणिताच्या भाषेत उतरविला, तेव्हा त्याची थोरवी जगास कळली. गणितावाचून अडत नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. फॅरडेची दृष्टी आणि मॅक्सवेलचे गणित यांची गाठ पडली, म्हणून ते कार्य तडीस गेले.

१८३३-३४ साली त्याने विद्युत्-विच्छेदनाचे नियम शोधले. अतिश्रमाने १८४० च्या सुमारास त्याची प्रकृती ढासळली, स्मृती दगा देऊ लागली. तरी १८४५ साली चुंबकत्वाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने सिद्ध केले. नाताळात मुलांसाठी व्याख्यानमाला देण्याचा परिपाठ त्याने १८२७ पासून १८६० पर्यंत एकूण १९ वेळा पाळला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने दोनदा नाकारले. सँडेमनियन नावाच्या लहानशा ख्रिस्ती पंथाचा तो अनुयायी होता; संपत्तीचा लोभ त्याला कधी शिवला नाही.

दीपगृहांचा शास्त्रीय सल्लागार म्हणूनही त्याने अनेक वर्षे काम केले. डोव्हरजवळील साउथ फोरलँडच्या दीपगृहात १८५८ च्या डिसेंबरात, चुंबकापासून निर्माण केलेल्या विजेचा दिवा लागला. १८६० च्या फेब्रुवारीत, वयाची अडुसष्ट वर्षे उलटलेला हा वृद्ध तो दिवा पाहावयास निघाला. बर्फाने रस्ते बंद झालेले. पहिल्या खेपेस परतावे लागले. दुसऱ्या खेपेस कुंपणे, भिंती आणि शेते ओलांडीत तो दीपगृहाशी पोचला. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या शक्तीने एक सूची जेमतेम हलली होती, तीच आता समुद्रावरील नावाड्यांना वाट दाखवीत होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी, खुर्चीत बसल्या बसल्या त्याने देह ठेवला. हायगेटच्या स्मशानभूमीत त्याची साधी समाधी आहे.

आता पुन्हा मामांच्या गाडीकडे वळू. नव्या अल्टरनेटरमध्येही तत्त्व तेच. फिरता चुंबक आणि स्थिर वेटोळी. वीज दिशा पालटीत येते, ती डायोड एकाच दिशेस वळवितात आणि रेग्युलेटर दाब १४ व्होल्टच्या आसपास राखतो. यंत्र मोठे झाले म्हणून ते बॅटरीत वीज कोंबीत नाही. मागणी असेल तेवढीच देते. पण नुसते यंत्र बदलून मेस्त्रीचे काम संपले नाही. बॅटरीकडे जाणारी जुनी तार त्याने काढून जाड तार घातली, कारण प्रवाह दुप्पट झाला तर त्याच तारेत उष्णता चौपट होते आणि आगीचे भय असते. इंजिनाला आणि चासीला जोडणारी अर्थची तारही बदलली. फॅनबेल्ट नवा घालून नीट ताणला, नाही तर तो घसरतो. डिझेल इंजिन सावकाश फिरते, म्हणून मंद चालीतही पुरेशी वीज मिळावी यासाठी अल्टरनेटरची पुली लहान निवडली.

एक गोष्ट त्याने आवर्जून सांगितली. ही जादा वीज फुकट मिळत नाही. १४ व्होल्टने ७० अँपिअर म्हणजे जवळजवळ एक किलोवॉट. ती देण्यासाठी इंजिनास दोन अश्वशक्तींहून काहीसे अधिक बळ खर्चावे लागते आणि तेवढे डिझेल जळते. फॅरडेच्या प्रयोगशाळेतील नियम आणि आमच्या मेस्त्रीचा अनुभव हे असे एकच आहेत. हालचाल थांबली की वीज थांबली आणि हालचालीस श्रम पडतातच.

मुलांनो, पुढील पावसाळ्यात एखादी मोटार धुक्यातून दिवे लावून येताना दिसली, तर पुस्तके बांधणाऱ्या त्या मुलाची आठवण करा. त्याच्याजवळ पैसा नव्हता, शाळा नव्हती, उच्च गणितही नव्हते. होते ते एवढेच की, हातात आलेले पुस्तक तो उघडून पाहत असे. ते तर आपल्या प्रत्येकास शक्य आहे.