अणूच्या झगमगाटात सूर्याकडे बोट दाखविणारा गणिती

१९६७ मध्ये 'अमन' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाने पोळलेल्या जपानी रुग्णांच्या सेवेसाठी तेथे जाणारा आणि अखेर स्वतःच प्राण गमावणारा भारतीय डॉक्टर राजेंद्रकुमार यांनी त्यात रंगविला होता. थोर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल त्यात क्षणभर स्वतःच्याच रूपात पडद्यावर दिसले होते. चित्रपटातील गाणी लोकांच्या ओठी राहिली; किरणोत्सर्गाचा विषय मात्र बहुतेकांनी चित्रपटगृहातच सोडला असावा. हाच विषय त्याआधी काही वर्षे गांभीर्याने मांडणारे डॉ. दामोदर धर्मानंद कोसंबी हा चित्रपट पाहण्यास हयात नव्हते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.

प्राचीन भारताच्या इतिहासाची नवी मांडणी करणारे विद्वान म्हणून कोसंबी सर्वपरिचित आहेत. अणुऊर्जेचे टीकाकार ही त्यांची ओळख त्यामानाने मागेच राहिली.

गोव्यातील कोसबेन येथे ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. त्यांच्यासमवेत १९१८ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर होऊन परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. नाण्यांची झीज तोलून त्यांचा काळ ठरविणे, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे, असे एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले उद्योग त्यांनी याच काळात आरंभिले. १९४४ मध्ये जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी त्यांनी मांडलेले सूत्र आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. किरणोत्सर्गाचा घाव पुढच्या पिढ्यांवर कसा उतरतो, हा अशा माणसाच्या दृष्टीने ऐकीव भीतीचा विषय नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे.

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी त्यांना नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पाचारण केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाली. कोसंबी पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत आणि प्रवासातही वाचन चाले.

पन्नाशीच्या दशकात ते जागतिक शांतता चळवळीत सक्रिय झाले. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली. त्यांच्यातील तारयंत्रचालक सप्टेंबरमध्ये दगावला. त्याच वर्षी जपानमध्ये 'गोजिरा' हा चित्रपट आला आणि अणुचाचणीने जागा झालेला महाकाय प्राणी पडद्यावर अवतरला. भारतात मात्र वारे निराळे होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली आणि अणू म्हणजे स्वस्त विजेचा अक्षय झरा, अशी भावना सुशिक्षितांत रुजली.

या भावनेला कोसंबींनी पुण्यातच धक्का दिला. १९६० मध्ये रोटरी क्लबसमोर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी अणुऊर्जेच्या स्वस्ताईचा हिशेबच तपासला. बड्या राष्ट्रांत अणुसंशोधनाचा मोठा खर्च लष्कराच्या खात्यावर पडतो, म्हणून ही वीज स्वस्त भासते, असा त्यांचा मुद्दा होता. किरणोत्सर्गाचा धोका आणि अणुकचऱ्याची विल्हेवाट हे प्रश्नही त्यांनी पुढे केले. गरीब देशास परवडणारी ऊर्जा सूर्य फुकट देत आहे. ती जेथल्या तेथे वापरता येते, हे त्यांचे सांगणे. खानदेशच्या उन्हात वाढलेल्या वाचकास हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

अणुकार्यक्रमाचे सूत्रधार भाभा हेच कोसंबींच्या संस्थेचे संचालक होते. दोघांतील संबंध बिघडत गेले. त्यातच १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतक या जगप्रसिद्ध गणिती कोड्याची सिद्धता मांडली. कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात छापलेली ती सिद्धता टिकली नाही आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नियुक्ती पुढे चालू ठेवली नाही. केवळ अणुविरोधामुळे ते गेले, असे म्हणणे सोपे असले तरी अपुरे ठरेल. त्या विरोधाने त्यांचे स्थान अधिक अवघड केले, हे मात्र खरे. त्याच वर्षी त्यांचे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' प्रसिद्ध झाले. सौरऊर्जेवरील लेखनही थांबले नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात मृत्युमुखी पडले. पाच महिन्यांनी कोसंबीही गेले. तारापूरची वीज १९६९ मध्ये मिळू लागली. अणुभट्टीतील अपघाताची कथा सांगणारा 'द चायना सिंड्रोम' हा अमेरिकी चित्रपट १६ मार्च १९७९ रोजी झळकला आणि बाराच दिवसांनी थ्री माईल आयलंड येथे खरा अपघात घडला. १९८६ मध्ये चेर्नोबिल झाले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला तो २०१३ मध्ये, कोसंबींच्या त्या व्याख्यानानंतर ५३ वर्षांनी.