पॉल द व्हिवी
पॉल द व्हिवी (२९ एप्रिल १८५३ – १९३०) हे फ्रान्समधील सायकल-पर्यटनाचे आद्य पुरस्कर्ते, संपादक आणि सायकल-व्यावसायिक होते. ‘वेलोस्यो’ या टोपणनावानेच ते अधिक ओळखले जातात.

त्यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील पेर्न येथे झाला. सुरुवातीस ते रेशमाचा व्यापार करीत. सायकलीच्या ओढीने त्यांनी १८८७ मध्ये सेंत-एत्येन या औद्योगिक शहरात सायकलींचे दुकान काढले. त्याच वर्षी त्यांनी सुरू केलेले नियतकालिक पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातून ते आपल्या दीर्घ प्रवासांची वर्णने आणि स्वारांसाठी आहार-विश्रांतीविषयक सूचना लिहीत. ते स्वतः शाकाहारी होते.

त्या काळी बहुतेक सायकलींना एकच गिअर असे. तो सपाट रस्त्यावर सोयीचा असला तरी चढावर जड पडे. सेंत-एत्येनचा परिसर डोंगराळ असल्याने ही अडचण व्हिवी यांना नित्याची होती. गिअर बदलता आल्यास सामान्य स्वारही घाट चढू शकेल, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी अनेक प्रयोग केले. तूर द फ्रान्स शर्यतीचे संचालक आंरी देग्रांज यांचा मात्र याला विरोध होता. शर्यत ही स्नायूंच्या बळाचीच कसोटी असावी, अशी त्यांची भूमिका होती.

१९३० मध्ये सेंत-एत्येन येथे ट्रामची धडक बसून व्हिवी यांचे निधन झाले. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेस सरसकट परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. शहराजवळील १,१६१ मीटर उंचीच्या कोल द ला रेप्युब्लिक या घाटमाथ्यावर त्यांचे स्मारक आहे.