बाजीराव-मस्तानीच्या मुलाचं पुढे काय झालं? पानिपत ते १८५७, एका घराण्याची गोष्ट

बाजीराव आणि मस्तानी सगळ्यांना माहितीयेत. पण त्यांच्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याचं नाव समशेरबहाद्दर. जन्म १७३४ चा. बाजीरावांना त्याला ब्राह्मण म्हणून वाढवायचं होतं. पण पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मुंजीला नकार दिला आणि मुलगा आईच्या धर्मात राहिला. १७४० मध्ये बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानीही. समशेर तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता.

तो पेशव्यांच्याच घरात वाढला आणि त्यांच्याच फौजेत सरदार झाला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ आणि पुतण्या विश्वासराव यांच्यासोबत तो लढला. जखमी अवस्थेत जाटांच्या मुलखात पोहोचला, पण वाचला नाही.

मागे राहिला लहानगा मुलगा, अलीबहाद्दर. मोठेपणी त्याने बुंदेलखंडात मराठ्यांसाठी मुलूख जिंकला. म्हणजे नातू थेट आजी मस्तानीच्या माहेरी पोहोचला. १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यादरम्यान त्याचा मृत्यू झाला. पुढे इंग्रजांनी मुलूख घेतला. घराण्याकडे उरलं बांद्याचं नवाबपद आणि पेन्शन.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८५७ च्या उठावात समशेरचा पणतू, दुसरा अलीबहाद्दर, इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. तिकडे कानपुरात पेशव्यांचे दत्तक वारस नानासाहेबही लढत होते. पराभवानंतर नवाबाला इंदूरला ठेवण्यात आलं.

ज्या मुलाची मुंज नाकारली गेली, त्याचा वंश सव्वाशे वर्षांनीही पेशव्यांच्याच बाजूने लढत होता.