छत्रपती शाहू (पहिले)

छत्रपती शाहू (१८ मे १६८२ – १५ डिसेंबर १७४९) हे मराठा साम्राज्याचे पाचवे छत्रपती होते. सातारा ही त्यांची राजधानी होती. ते संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे नातू होत. कोल्हापूरचे राजर्षी शाहू हे त्यांच्याहून वेगळे.

== कैद व राज्यारोहण ==
१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडल्यावर बाल शाहू मातेसह कैद झाले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याचा पराभव करून त्यांनी सातारा घेतला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला.

== मोगलांशी संबंध व चलन ==
१७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. शाहूंनी बादशाहीचे नाममात्र वर्चस्व मान्य ठेवून प्रत्यक्ष सत्ता वाढविली. या दुहेरी भूमिकेचे प्रतिबिंब मराठी राज्याच्या चलनातही दिसते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ असा देवनागरी लेख असलेली तांब्याची शिवराई शाहूंच्या काळात व त्यानंतरही व्यवहारात राहिली. मराठी अमलाखालील टांकसाळींतील चांदीच्या रुपयांवर मात्र मोगल बादशहाचे नाव फार्सीत असे. व्यापारात हे रुपये सर्वत्र स्वीकारले जावेत, हे त्यामागील एक कारण होते. पुष्कळ टांकसाळी परवान्याने खासगी व्यक्तींकडे असत. त्यांना सरकारात शुल्क भरावे लागे व नाण्याचे ठरलेले वजन व कस पाळावा लागे. निरनिराळ्या टांकसाळींच्या नाण्यांची पारख पोतदार करीत. हलक्या नाण्यांवर बट्टा कापला जाई.

== वारणा व मिरज ==
१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील सीमा ठरली. पुढे शाहूंनी स्वतः मिरजेवर मोहीम काढली व १७३९ मध्ये तेथील किल्ला मोगलांकडून घेतला. फार्सी लेखांच्या नाण्यांवर मिरजेच्या टांकसाळीचे नाव मुर्तजाबाद असे आढळते. नंतर मिरज पटवर्धन सरदारांकडे गेले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे.

== मृत्यू ==
शाहूंचे साताऱ्यास निधन झाले. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली येथे त्यांची समाधी आहे. त्यांना पुत्र नसल्याने दत्तक रामराजे गादीवर आले. यानंतर राज्याचा कारभार पुण्यातील पेशव्यांच्या हाती एकवटत गेला. छत्रपतींच्या नावाची शिवराई मात्र चालूच राहिली.