बाखचा तिसरा मुलगा

संस्थानी काळात ज्या घरांनी दरबारची चाकरी केली, त्या घरांत मुलाने बापाचीच विद्या चालवावी, हा जवळजवळ नियमच होता. शागिर्दी घरातच सुरू होई, आणि मुलगा जरा हाताशी आला की बाप त्याच्या नावे अर्ज करी. बहुतेकांचे निभले. परंतु एखाद्या घरात एखादा मुलगा असा निघे, की त्याच्यासाठी टाकलेला शब्द पुढे बापालाच खाली मान घालायला लावी. मग त्या मुलाचे नाव घरात हळू आवाजात घेतले जाई. गाणे शिकवणाऱ्या माणसाच्या कानांवर अशा कहाण्या फार येतात. त्या ऐकल्या की मला दर वेळी पावणेतीनशे वर्षांहून जुना एक जर्मन बाप आठवतो. त्याचे नाव योहान सेबास्टियन बाख.

पाश्चात्त्य संगीतात बाखचे स्थान काय, हे रसिक वाचकांना सांगायला नको. परंतु बाख हे मुळात एका माणसाचे नाव नसून एका घराण्याचे नाव आहे. या घराण्याचा मूळ पुरुष फाइट बाख हा व्यवसायाने भटारी. लूथरच्या पंथावरील निष्ठेपायी त्याला हंगेरी सोडावी लागली आणि तो जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात येऊन राहिला. दळण दळायला जाताना तो आपले तंतुवाद्य बरोबर नेई आणि गिरणीच्या घरघरीवर ते वाजवीत बसे. ही हकीकत खुद्द सेबास्टियननेच नोंदवून ठेवली आहे. १७३५ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्याने आपल्या कुळाची वंशावळ लिहून काढली. तीत ५३ पुरुषांची नावे आहेत, आणि त्यांतील बहुतेक सगळे संगीतावर जगलेले. आपल्या मुलांची नावेही त्याने त्या माळेत ओवली. त्यांतच तिसरा मुलगा योहान गॉटफ्रीड बर्नहार्ड याचे नाव आहे.

बाखचा जन्म १६८५ मध्ये आयझेनाख गावी झाला. दहावे वर्ष पुरे होण्याच्या आत आई आणि बाप दोघेही गेले, आणि थोरल्या भावाने त्याला वाढवले. ज्याला स्वतःला बापाची सावली मिळाली नाही, तो पुढे मुलांच्या बाबतीत किती हळवा होतो, हे आपण आपल्याकडेही पाहतो.

तरुणपणी मात्र हा माणूस काही गरीब गाय नव्हता. आर्नश्टाट येथील चर्चमध्ये ऑर्गनवादक असताना त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहूड या थोर वादकाला ऐकण्यासाठी तो दूर ल्यूबेकला गेला. परतला तो सुमारे चार महिन्यांनी. वरिष्ठांनी जाब विचारला, तेव्हा त्याची उत्तरे फारशी नरमाईची नव्हती. पुढे १७१७ मध्ये वायमारच्या ड्यूकची नोकरी सोडण्याचा हट्ट धरल्याबद्दल त्याला जवळजवळ चार आठवडे कैदेत राहावे लागले. वरिष्ठांना न जुमानता आपल्या वाटेने जाणे हा गुण म्हणा की दोष, घरात बापापासूनच होता.

१७०७ मध्ये त्याने आपल्याच कुळातील मारिया बार्बारा हिच्याशी लग्न केले. १७२० च्या उन्हाळ्यात तो आपल्या धन्याबरोबर कार्ल्सबाडला गेला असता इकडे ती वारली. तो घरी परतला, तेव्हा तिचे दफनही होऊन गेले होते. मागे चार मुले उरली. त्यांत बर्नहार्ड सर्वांत धाकटा, पाच वर्षांचा. पुढच्याच वर्षी बाखने आना माग्डालेना या गायिकेशी दुसरा विवाह केला. दोन्ही संसारांत मिळून त्याला वीस मुले झाली, आणि त्यांतील दहा त्याने आपल्या हातांनी मातीआड केली.

जी जगली, त्यांना त्याने काही कमी पडू दिले नाही. थोरला फ्रीडमान नऊ वर्षांचा असताना बापाने त्याच्यासाठी धड्यांची वही स्वतः लिहायला घेतली. १७३० मध्ये एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात आपल्या घरातल्या घरातच गायन-वादनाची मैफल भरवता येते, हे तो कौतुकाने कळवतो. मुले मोठी झाली तसा त्याने त्यांच्यासाठी शब्द टाकायला सुरुवात केली. १७३३ मध्ये फ्रीडमानला ड्रेस्डेनमध्ये जागा मिळाली. दुसरा मुलगा एमानुएल पुढे प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या पदरी राहिला. आता पाळी बर्नहार्डची होती.

१७३५ मध्ये म्यूलहाउझेन येथे ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली. याच गावात बाखने तरुणपणी नोकरी केली होती. त्याने तेथील नगरसभेला पत्रे धाडली आणि वीस वर्षांच्या बर्नहार्डला ती जागा मिळवून दिली. परंतु दीड-दोन वर्षांतच मुलाने तेथे कर्ज करून ठेवले आणि ते गाव सोडण्याची वेळ आली. बापाने पुन्हा लेखणी उचलली. या वेळी गाव होते झांगरहाउझेन. १७०२ मध्ये याच गावाने खुद्द बाखची निवड केली होती, पण ऐन वेळी तेथील ड्यूकने आपला माणूस पुढे केला आणि बाखची जागा गेली. चौतीस वर्षांपूर्वीची ती हकीकत बाख विसरला नव्हता. तेव्हा मला जे मिळाले नाही, ते आता माझ्या मुलाला द्या, असा त्याच्या १७३६ मधील विनंतीचा रोख होता. गावकऱ्यांनी मान राखला. १७३७ च्या आरंभी बर्नहार्ड तेथे रुजू झाला.

त्या वर्षी बाख स्वतः झांगरहाउझेनला जाऊन मुलाला भेटून आला. त्याने मुलाच्या खाणावळीचे पैसे चुकते केले, म्यूलहाउझेनची हुंडी फेडली, आणि किरकोळ देण्यांसाठी काही मोहराही मागे ठेवल्या. आता तरी पोरगा मार्गाला लागेल, ही आशा. ती त्यांची शेवटची भेट ठरली असावी. १७३८ च्या वसंतात बर्नहार्ड नोकरी आणि नवी देणी मागे टाकून, कोणालाही न सांगता गावातून नाहीसा झाला.

२४ मे १७३८ रोजी बाखने झांगरहाउझेनचे एक प्रतिष्ठित गृहस्थ क्लेम यांना पत्र लिहिले. बाखची खाजगी पत्रे फार थोडी उरली आहेत, आणि त्या थोड्यांत हे पत्र सर्वांत दुःखाचे आहे. आपण मुलाला गेल्या वर्षानंतर पाहिलेले नाही, यास देव साक्षी आहे, असे तो लिहितो. उपदेश झाला, माया झाली, मदत झाली. कशाचाही उपयोग झाला नाही. आता हा क्रूस धीराने वाहायचा आणि मुलाला देवाच्या दयेवर सोपवायचे, एवढेच हाती उरले आहे, असे तो म्हणतो. मुलाच्या वर्तनाचा दोष बापाला लावू नये, अशी त्याची विनवणी आहे. आज ज्या आईबापांवर अशी वेळ येते, त्यांना या विनवणीचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलगा गेल्याच्या दुःखाइतकीच लोकांच्या नजरेची भीती असते.

पण या पत्राचा उरलेला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. सावकार आता बापाच्या दारी येऊ लागले होते. मुलाने तोंडी किंवा लेखी कबूल केल्याशिवाय आपण ही देणी फेडणार नाही, असे बाख स्पष्ट लिहितो. म्हणजे मायेलाही त्याने एक मर्यादा घातली. परंतु त्याच पत्रात तो क्लेम यांना मुलाचा ठावठिकाणा शोधण्याची गळ घालतो. कळले तर एक शेवटचा प्रयत्न करून पाहू, त्याचे मन वळते का ते बघू, असे त्याचे म्हणणे. मुलगा कुठे आहे ते कळेपर्यंत त्याची जागा दुसऱ्याला देऊ नये, अशीही तो विनंती करतो. आणि अखेर एक साधासा प्रश्न: त्याचे थोडेफार सामान होते, ते त्याने बरोबर नेले की मागेच राहिले?

दहा मुले पुरलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. गेलेल्या मुलाची जागा निदान ठाऊक असते. हा मुलगा जिवंत होता, आणि तो कुठे निजतो, काय पांघरतो, हे बापाला माहीत नव्हते.

दुःखाच्या त्या दिवसांत बाख तसाच कामाला जात होता. चर्चमधील संगीत, मुलांच्या शिकवण्या, नगरसभेशी कुरबुरी, सगळे चालूच होते. १७३९ च्या मार्चमध्ये अधिकाऱ्यांनी गुड फ्रायडेच्या संगीताला परवानगीवाचून मनाई केली. तेव्हा त्याने सांगून टाकले की आपल्याला त्याचे काही नाही. त्यातून लाभ तर नाहीच, उलट ओझेच आहे. लाइपझिगमध्ये सोळा वर्षे घालवलेल्या माणसाचा तो थकवा होता.

इकडे बर्नहार्ड येना शहरात होता. लाइपझिगपासून ते काही फार दूर नव्हे. जानेवारी १७३९ मध्ये त्याने तेथील विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासासाठी नाव घातले होते. घराण्याच्या वंशावळीत ज्याचे नाव ऑर्गनवादक म्हणून लिहिले गेले, त्याने स्वतः निवडलेली वाट ही होती. पण त्या वाटेवर त्याला फार चालता आले नाही. २७ मे १७३९ रोजी तापाने त्याचा अंत झाला. बापाने ते पत्र लिहिले, त्याला तेव्हा एक वर्ष आणि तीन दिवस झाले होते. बर्नहार्डचे वय होते चोवीस.

त्याच वर्षीच्या शरदात बाखने ऑर्गनसाठी रचनांचा एक मोठा संग्रह छापला. लूथरपंथीयांची मुख्य स्तोत्रे त्यात गुंफलेली आहेत. त्यांतील पश्चात्तापाच्या स्तोत्रावर एक रचना सहा स्वरपंक्तींची असून त्यांतील दोन पंक्ती पायांनी वाजवायच्या आहेत. संग्रहाचे काम आधीपासूनच चालू होते, म्हणून त्याचा मुलाच्या मृत्यूशी संबंध जोडणे बरोबर होणार नाही. इतकेच म्हणता येईल की हात चालू राहिले.

२८ जुलै १७५० रोजी बाख वारला. शेवटी दृष्टी गेली होती. इस्टेटीची वाटणी झाली, तेव्हा त्याच्यामागे नऊ मुले होती. एमानुएलची कीर्ती वाढली. धाकटा योहान क्रिस्टियान इटलीत जाऊन कॅथलिक झाला आणि लंडनमध्ये नावाजला. ज्याच्यावर बापाचा सर्वांत अधिक भर होता, तो फ्रीडमान १७८४ मध्ये बर्लिनला हलाखीत मेला. बापाची हस्तलिखिते त्याने पैशांसाठी विकली होती. म्हणजे बापाच्या मनासारखे एकट्या बर्नहार्डनेच केले नाही, असेही म्हणता येत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथातील उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. त्यातील बापाला मुलगा दुरून येताना दिसतो, आणि तो धावत जाऊन त्याला मिठी मारतो. बाख हा दाखला लहानपणापासून ऐकत आला होता. त्याच्या संग्रहातील बायबलवर त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या खुणा आजही पाहायला मिळतात. श्रद्धेने त्याला मुलगा परत दिला नाही. तिने एवढेच केले, की बापाने दार लावून घेतले नाही.

मुलांसाठी किती करावे आणि कुठे थांबावे, याचा हिशेब कोणत्याच घराण्याला सुटलेला नाही. बाखने देण्यांपुरता तो सोडवला होता. सामानाबद्दलचा तो प्रश्न मात्र त्या हिशेबात कुठेच बसत नाही.